कर्जाच्या खात्यातली ती एक ओळ: मनोतीपासून विम्याच्या प्रीमियमपर्यंत

हे आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी, आणि ‘भाऊ, जरा हळू बोलत जा’ असं ज्यांनी कळवलं त्यांच्यासाठीही. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ना’ बरेच काढलेत, सगळे नाही निघाले.

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे. होम लोन घेता, आणि पुढे कधीतरी स्टेटमेंट उघडलं की दिसतं: मंजूर रकमेत विम्याचा प्रीमियम मिसळलेला आहे. तुम्ही तो मागितला नव्हता, किंवा मागितल्याचं आठवत नाही. बँकेत विचारलं की उत्तर येतं, ‘सर, तुमची सही आहे.’ इथे बहुतेकांचं बोलणं संपतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बग सापडला की आधी जुना लॉग उघडायचा, ही आमची सवय. म्हणून हा लॉग मी उघडत गेलो, तर तो दीडशे वर्षं मागे गेला. आणि ‘सही आहे’ या उत्तरावर आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी एक कायदेशीर प्रत्युत्तर तयार झालं होतं, हे कळलं.

तर सुरुवात एका शब्दापासून. मनोती. आता हा शब्द गेला वापरातून. जुन्या सावकारी व्यवहारात व्याजाव्यतिरिक्त, कर्ज देतानाच जी रक्कम सावकार वर चढवायचा किंवा आधीच कापून घ्यायचा, ती मनोती. म्हणजे खतावर लिहिले शंभर, हातात पडले त्याहून कमी, आणि व्याज मात्र पूर्ण शंभरावर. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेसिंग फी प्लस काहीबाही. कुणबी माणसाला मनोती माहीत नव्हती असं नाही. माहीत होती, पण कर्जाची गरज त्याहून मोठी होती.

मनोतीपेक्षा घातक होतं खत बदलणं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या कर्जखतावर दावा लावायला तीन वर्षांची मुदत घातली. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, जुनी भिजत पडलेली खतं उकरून कुणी कुणाला छळू नये. झालं उलटं. मुदत संपत आली की सावकार नवं खत लिहून घ्यायचा, आणि थकलेलं व्याज त्यात मुद्दल म्हणून लिहायचा. नव्या खताला जुन्याची काही आठवणच नाही! त्यावर फक्त एक आकडा आणि अंगठा. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना सांगतो, हिस्ट्री पुसून फक्त शेवटची व्हॅल्यू ठेवल्यासारखं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाड-खानदेशापासून दख्खनपर्यंत कापसाला चढा भाव आला होता. १८६५ नंतर तो कोसळला, त्यात सारा वाढला, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात, बाजाराच्या दिवशी, लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर गेले. तिथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या आणखी गावांत पसरलं. शाळेत आपण ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन मार्कांना हे पाठ केलंय. पण मला त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते. माणसांना इजा तुलनेनं फार कमी झाली. लोकांना हवी होती ती खतं, आणि मिळाली तिथे त्यांनी ती जाळली. म्हणजे नेमका डेटाबेसच डिलीट करायला गेले होते ते.

सरकारनं चौकशी नेमली, अहवाल आला, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. या कायद्याचं बाराव्या-तेराव्या कलमातलं म्हणणं मी दोनदा वाचलं. सावकारानं दावा लावला, खत पुढे ठेवलं, खाली अंगठा आहे, तरी न्यायाधीशानं तिथे थांबायचं नाही. व्यवहार जिथून सुरू झाला तिथपासूनचा इतिहास तपासायचा. मुद्दल वेगळं मांडायचं, व्याज वेगळं. व्याजाचं मुद्दल केलं असेल तर ते सोडवून काढायचं. आणि दोघांत काहीही लेखी करार झालेला असला तरी. दुसऱ्या भागात आणखी साध्या गोष्टी होत्या: पैसे भरले की लेखी पावती मागण्याचा हक्क, वर्षातून एकदा हिशेबाचा कागद मागण्याचा हक्क, पासबुकात नोंदी करून घेण्याचा हक्क. शिवाय खत करायचं तर गावच्या रजिस्ट्रारसमोर.

या कायद्यानं सावकारी संपली का? नाही. गहाणखताचा इतिहास तपासतात म्हटल्यावर सावकारांनी सरळ विक्रीखतं लिहून घ्यायला सुरुवात केली. कायदा एक दार लावतो तोवर धंदा खिडकीतून आत. तरीसुद्धा ‘सहीच्या मागे जाऊन हिशेब उलगडा’ ही कल्पना तेव्हा कायद्यात आली, आणि ती आपल्या मातीत आली, हे विसरण्यासारखं नाही.

आता मी कन्हानचा. आमच्याकडे हा कायदा लागू नव्हता, आम्ही मुंबई इलाख्यात कुठे होतो? नागपूर, कामठी, पारशिवनी सगळं मध्यप्रांतात. इथे मालगुजारी होती, आणि कर्जाची गोष्टही जरा उशिरा कायद्यात आली. १९३० च्या आसपास जगभर मंदी, शेतमालाचे भाव पडलेले, आणि १९३३ मध्ये मध्यप्रांतात कर्ज समेट कायदा झाला. कर्जदार आणि सावकाराला समोरासमोर बसवून तडजोड करणारी मंडळं. पाठोपाठ १९३४ चा सावकारी कायदा: प्रत्येक कर्जदाराचा हिशेब वेगळा ठेवा, दरवर्षी त्याला तो पाठवा. नाही पाठवला तर कोर्ट व्याज नाकारू शकतं. म्हणजे उत्तर पुन्हा तेच निघालं. आधी हिशेब दाखवा.

मग विमा या गोष्टीत कुठून आला? तो आला शेताच्या वाटेनं, आणि आणणारा माणूस मराठी होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर. नीळकंठ रथांबरोबर त्यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर जे लिहिलं ते बऱ्याच जणांना माहीत आहे. पीक विम्याचं काम त्या मानानं कमी लोकांना. तोवर पीक विम्याचे प्रयोग फसत होते, कारण प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन नुकसान मोजणार कोण? दांडेकरांनी १९७६ मध्ये मांडलं की शेतकरी मोजू नका, क्षेत्र मोजा. एका भागातलं सरासरी उत्पन्न ठरावीक पातळीखाली गेलं तर त्या भागातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई. आणि विमा पीककर्जाला जोडा, म्हणजे प्रीमियम गोळा करायला वेगळी यंत्रणा नको आणि फक्त धोक्यातलेच शेतकरी विम्यात शिरतील ही अडचणही नको. १९७९ मध्ये या धर्तीवर प्रायोगिक योजना आली, ती कर्जदार शेतकऱ्यांसाठी पण ऐच्छिक. १९८५ च्या खरिपात सर्वंकष पीक विमा योजना आली तेव्हा ऐच्छिक हा भाग गळला. पीककर्ज घेतलं की विमा आलाच. तृणधान्याला २ टक्के, डाळी आणि तेलबियांना १ टक्का, कर्जाच्या रकमेतूनच.

हे मी दांडेकरांवर ढकलत नाहीये, गैरसमज नको. त्यांचा युक्तिवाद गणिताच्या दृष्टीनं चोख आहे. विम्यात सगळे आले तरच धोका वाटला जातो. पण बँकेच्या काउंटरवर त्या चोख युक्तिवादाचं काय होतं ते बघा. शेतकऱ्याला कर्जाची रक्कम कमी दिसते, कापलेली ओळ दिसते, पावती दिसत नाही. दुष्काळात भरपाई आली तर ती आधी कर्जखात्यात. मग त्याला वाटतं की हा विमा आपल्या पिकाचा की बँकेच्या कर्जाचा? प्रश्न रास्त आहे. १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना, २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, दोन्हींत कर्जदाराला सक्ती राहिली. २०१६ मध्ये खरिपाला २, रब्बीला दीड, नगदी आणि फळपिकांना ५ टक्के. २०२० च्या खरिपापासून सक्ती उठली. पण कशी उठली? कर्जदार शेतकऱ्यानं अंतिम तारखेच्या सात दिवस आधी बँकेत लेखी द्यायचं की मला विमा नको. नाही दिलं तर प्रीमियम कापला जाणार. आम्ही याला ऑप्ट-आउट म्हणतो, ॲपमधली आधीच टिक केलेली चौकट. ऐच्छिक म्हणायला हरकत नाही, पण मौन म्हणजे होकार असलेलं ऐच्छिक.

घराच्या कर्जाकडे येऊ. आयुर्विमा १९५६ मध्ये सरकारच्या हातात गेला. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते, १९ जानेवारीच्या रात्री त्यांनी आकाशवाणीवरून जाहीर केलं, आणि २४५ संस्था एका महामंडळात आल्या. (तेच चिंतामणराव, ज्यांनी त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावरून राजीनामा दिला. पण तो वेगळा एपिसोड आहे.) पुढची चाळीसेक वर्षं विमा विकायचा एजंट, घरी येणारा, नात्यातला, टाळता न येणारा. १९९९ च्या कायद्यानं क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं आणि त्यानंतर बँकांना विमा कंपन्यांचे एजंट होण्याची मुभा मिळाली. इथे गोष्ट बदलली. नात्यातल्या एजंटला ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणता येतं. ज्याच्या हातात तुमच्या कर्जाची मंजुरी आहे, तोच विमा विकत असेल तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ कसं म्हणणार? बिल्डरची तारीख जवळ आलेली असते.

असं एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच म्हणणं आपल्याला नवीन नाही. गॅसचं कनेक्शन हवं तर शेगडी आमच्याकडूनच, हे आई-बाबांच्या पिढीनं अनुभवलंय. ग्राहक संरक्षण कायद्यात याला प्रतिबंधक व्यापारी प्रथा म्हणतात, आणि त्याविरुद्ध तक्रार करता येते. म्हणजे कायदा होता. पण शेगडी दिसते, प्रीमियम दिसत नाही.

किती दिसत नाही, ते आमच्या घरातलंच सांगतो. दादा कोळसा खाणीत नोकरीला. २०१९ मध्ये त्यानं कन्हानला घर बांधायला १८ लाखांचं कर्ज घेतलं, २० वर्षांसाठी. बँकेचं नाव सांगत नाही, आणि कृपया कमेंटमध्ये अंदाजही नको. २०२२ मध्ये करासाठी व्याजाचा दाखला हवा म्हणून खातं बघितलं तर सुरुवातीचं कर्ज १८ लाख ९२ हजार. हे पकडलं वहिनीनं. ती बचत गटाचं रजिस्टर लिहिते. तिथे महिन्याला वीस रुपये कमी आले तरी नाव पुकारलं जातं, त्यामुळे ब्याण्णव हजार तिच्या नजरेतून सुटणं अवघडच होतं.

ते ९२ हजार म्हणजे एकरकमी प्रीमियम. कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडणार. कल्पना वाईट नाही, हे मी आधीच सांगतो. २०२०-२१ मध्ये कमावता माणूस गेला आणि अशा विम्यामुळे घर राहिलं, अशी कुटुंबं आहेत. तर आम्ही आधी कागद मागितला. विमा प्रमाणपत्र तीन आठवड्यांनी मिळालं. हा समूह विमा होता, म्हणजे मूळ पॉलिसीधारक बँक आणि दादा नुसता सभासद. आणि कव्हर पाच वर्षांचं. कर्ज वीस वर्षांचं!

मी स्प्रेडशीट उघडली. ९ टक्क्यांनी २० वर्षांत ९२ हजारांचा हप्ता महिन्याला साधारण ८२८ रुपये येतो. २४० हप्ते, म्हणजे एकूण १ लाख ९८ हजारांच्या वर. पाच वर्षांत ६० हप्ते भरून कव्हर संपतं. उरलेले १८० हप्ते, जवळपास दीड लाख रुपये, ज्या विम्याचे भरायचे तो अस्तित्वातच नाही. थकलेलं व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून लिहिणं आणि हे, यातला फरक मला कुणीतरी समजावून सांगा.

दादाचं पहिलं वाक्य होतं, ‘काहून कटकट करून राहिला बे, सही तर मीच केली ना.’ शाखेतल्या साहेबांनीही तेच म्हटलं, फक्त गोड आवाजात. लेखी तक्रार दिली. त्यात सही नाकारली नाही. तीन गोष्टी मागितल्या: प्रस्तावाच्या अर्जाची प्रत, प्रीमियम वेगळा भरण्याचा पर्याय दिल्याची नोंद, आणि प्रमाणपत्र दादाला कधी पोचवलं त्याचा पुरावा. तिसरी गोष्ट महत्त्वाची, कारण पॉलिसी नको असेल तर परत करण्याची मुदत कागद हातात पडल्यापासून मोजतात. तेव्हा ती साधारण पंधरा दिवसांची होती, २०२४ मध्ये तीस दिवसांची झाली. तीस दिवसांत बँकेचं समाधानकारक उत्तर आलं नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली. नोव्हेंबर २०२१ पासून देशभर एकच लोकपाल योजना आहे, ऑनलाइन अर्ज होतो, फी नाही, वकील लागत नाही. आधी बँकेकडे तक्रार केलेली असणं मात्र लागतं, नाहीतर अर्ज परत येतो.

निकाल लागलाच नाही, कारण त्याआधी बँकेचा फोन आला. उरलेल्या काळाचा प्रीमियम, ३४ हजार, कर्जाच्या मुद्दलात वळता झाला. बाकीचे नाही मिळाले. दादानं तिथे थांबायचं ठरवलं. मला पुढे जायचं होतं, पण खातं त्याचं, शिफ्ट त्याच्या. त्यानं वेगळी टर्म पॉलिसी घेतली, जिथे पैसे आधी वहिनीच्या हातात येतील.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही, आणि बाहेरची दोन उदाहरणं इथे कामाची आहेत. ब्रिटनमध्ये कर्जाबरोबर हप्ता-संरक्षण विमा लाखो लोकांच्या गळ्यात मारला गेला होता. २०११ मध्ये बँका कोर्टात हरल्या, दाव्यांची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ ठरली, आणि बँकांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त परत करावे लागले. त्यातला २०१४ चा एक खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. एका महिलेनं भरलेल्या प्रीमियमपैकी ७१.८ टक्के कमिशन होतं, आणि तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. कोर्टानं म्हटलं की एवढं कमिशन लपवणं हेच अन्याय्य नातं आहे. सही होती तरी. मला इथे आपलं १८७९ आठवलं.

अमेरिकेत प्रकार वेगळा. तिथे घराचा विमा बंद पडल्याचं कारण देऊन हप्ते गोळा करणारी कंपनी स्वतःच महागडा विमा उतरवते आणि कर्जदाराच्या नावावर टाकते. घरमालकाचा स्वतःचा विमा चालू असतानाही असं झाल्याच्या तक्रारी आल्या. जानेवारी २०१४ पासून नियम लागले: पैसे लावण्याच्या किमान ४५ दिवस आधी लेखी सूचना, मग आठवणपत्र, आणि मालकानं आपल्या विम्याचा पुरावा दिला तर १५ दिवसांत तो विमा रद्द करून दुहेरी काळाचे पैसे परत. आपल्याकडे इतका नेमका वेळ बांधलेला नियम असता तर दादाची तक्रार एका पानाची झाली असती.

आपल्याकडे जे आलं ते १५ एप्रिल २०२४ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानं. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना ‘मुख्य तथ्य विवरण’ नावाचा कागद सक्तीचा झाला. त्यात विम्यासारखा तिसऱ्याच्या वतीनं घेतलेला खर्चसुद्धा वार्षिक एकूण दरात मोजायचा. म्हणजे ९ टक्क्यांचं कर्ज प्रीमियम धरून प्रत्यक्षात किती टक्क्यांना पडतं ते एका आकड्यात दिसतं. या कागदात नसलेला कोणताही आकार पुढे कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. कागद हातात आल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, आणि तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे.

पिपरीतल्या माझ्या एका मित्राचं कर्ज मागच्या हिवाळ्यात मंजूर झालं. त्याला मिळालेला कागद इंग्रजीत होता. त्यानं मराठीत मागितला, चार दिवसांनी मिळाला, आणि त्यात विम्याची ओळ होती. ती त्यानं पेनानं गोल केली, शेजारी ‘नको’ लिहिलं, खाली तारीख घातली, आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवला. कर्ज झालं.

पुढच्या भागात कामठीची छावणी. भेटू.